भोपळ्याच्या फुलांची भजी

आमच्या घरात कुणाचा कुणावर विश्वास नव्हता आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. आबांचा पावसावर विश्वास नव्हता, सरकारवर नव्हता, आणि लढाईच्या त्या वर्षांत रेशनच्या दुकानातल्या तराजूवर तर मुळीच नव्हता. आई घाण्यावरून आलेलं करडईचं तेल आधी तळहातावर चोळून हुंगायची, मगच बुधल्यात ओतू द्यायची. शेजारीण ताक मागायला आली तर तिला ताक मिळायचं, पण ती गेल्यावर ‘ही नुसती ताकालाच आलती व्हय?’ यावर दिवेलागणीपर्यंत चर्चा चालायची. मी याच घरात वाढले. आजही भाजीवाल्याने आपणहून कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकल्या की मी आधी खालची वांगी उलटून बघते.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं, काष्टीच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं. शेत लांब होतं. आबा आणि दादा सकाळी तिकडे जायचे आणि घरामागचं परडं बायकांच्या ताब्यात राहायचं. परडं म्हणजे फार मोठं नव्हे. काट्याकुट्यांचं कुंपण, एका कोपऱ्यात शेवगा, कढीपत्त्याचं झाड, आळ्यात मिरच्या आणि वांगी, भांडी घासायच्या दगडापाशी अळू. न्हाणीचं पाणी बारीक पाट काढून भोपळ्याच्या वेलाला सोडलेलं. वेल न्हाणीवर घातलेल्या बाभळीच्या मांडवावर चढायचा.

परड्यावर राज्य होतं आत्याचं. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती कायमची. चूल आईची आणि परडं आत्याचं, आणि मधलं मागचं दार ही दोघींची हद्द. आईला चार मिरच्या लागल्या तर ती दारात उभी राहून मागायची आणि आत्या तोडून द्यायची. देताना ‘काल तर दिल्या हुत्या’ एवढं म्हटल्याशिवाय तिचा हात सुटत नसे.

आत्याचा सगळ्यात जास्त जीव भोपळ्यावर. त्याला कारणही होतं. भोपळा पिकून कडक झाला की शिंक्यात घालून आढ्याला टांगायचा, तो पार उन्हाळ्यापर्यंत टिकायचा. परड्यात हिरवं पान उरायचं नाही तेव्हा भोपळ्याची फोडणीची भाजी असायची, सणावाराला गूळ घालून घारगे असायचे. पितृपक्षात तर भोपळा पाहिजेच, आणि तो घरच्या वेलाचा पाहिजे हा आत्याचा हट्ट. बाजारचा भोपळा पितरांना चालत नाही हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण घरात ते सगळ्यांनी मानलेलं होतं.

वेलाला जपण्याची रीतही मोठी. कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नाही, दाखवलं तर ते पिवळं पडून गळतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवायचं. मी लहान असताना एकदा सरळ बोट केलं, तर आत्याने ते बोट मला माझ्याच दाताने चावायला लावलं होतं. मांडवाच्या खांबाला जुनी चप्पल बांधलेली असायची, आणि चुना फासलेलं काळं मडकं. परक्या बाईला आत्या मागच्या दारातून आत येऊ देत नसे.

अशा घरात वहिनी सून म्हणून आली. ती पाथर्डीकडची. तिकडे पाणी नाही, त्यामुळे परडंही नाही. जे काही उगवायचं ते पावसाळ्यात शेतात, बाजरीच्या कडेने. तिथे वाया घालवायला काहीच नसायचं, म्हणून ती माणसं भोपळ्याची फुलंसुद्धा खायची. आमच्याकडे फुलं खातात हे कुणाच्या गावी नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात एक दिवस कालवणाला काहीच नव्हतं. वहिनीने आत्याला विचारून वेलावरची मोठी पिवळी फुलं तोडली, आतला दांडा काढून टाकला, हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात ओवा, तिखट, मीठ घालून फुलं त्यात बुडवली आणि करडईच्या तेलात तळली.

आम्ही ती भजी अशी खाल्ली की आईने स्वतःसाठी ठेवलेलीसुद्धा उरली नाहीत. बाहेरून कुरकुरीत आणि आत फूल मऊ, जराशी गोडसर चव. आबा कधी जेवणाविषयी बोलत नसत, ते म्हणाले, “ह्ये बरं हाय.” दादाने ताट पुन्हा पुढे केलं. त्या दिवसापासून पावसाळा सुरू झाला की आमच्या घरात जवळजवळ रोज भजी व्हायची. सकाळी फुलं उमलली की वहिनी परडी घेऊन मागे जायची. फुलं तोडण्यापुरती तिला आत्याने परड्यात मुभा दिली होती.

आणि ती तोडायचीही किती जपून. भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. काहींच्या मागे देठाशी बोराएवढा भोपळा धरलेला असतो, काहींच्या मागे नुसता लांब देठ. वहिनी भोपळा धरलेल्या फुलाला हात लावत नसे. पान बाजूला करून, वाकून, मागे बघून, रिकामी फुलं तेवढी खुडायची. एकही सोडायची नाही. आत्या दारात उभी राहून बघायची आणि तिला त्यात काही खोट काढता येत नसे. “फळाच्या फुलाला हात लावू नगं,” एवढं ती दर वेळी सांगायची, आणि वहिनी दर वेळी “न्हाई आत्याबाई,” म्हणायची.

त्या वर्षी भोपळे कमी आले. पाऊस लहरी होता, आम्ही पावसाला बोल लावला. दुसऱ्या वर्षी आणखी कमी. आत्याने शेजारणीवर संशय घेतला. ती कुंपणावरून बोट दाखवते असं तिचं म्हणणं होतं, मग त्या बाजूला आत्याने कपाशीच्या वाळक्या पळकाट्यांची दाट जुडी लावली. तिसऱ्या वर्षी वेल मांडवभर पसरला, पानं परातीएवढी झाली, फुलांमागे बारके भोपळे धरायचे, आणि चार दिवसांत पिवळे पडून टपटप गळायचे. सकाळी न्हाणीपाशी ते पडलेले असायचे. आत्या ते वेचून पदरात घ्यायची. तिचा चेहरा तेव्हा बघवत नसे.

त्या तीन वर्षांत वहिनीला मूलही झालं नव्हतं.

दोन गोष्टी एका घरात शेजारी शेजारी राहिल्या तर त्यांची सोयरीक जुळायला वेळ लागत नाही. आधी कुणी उघड बोललं नाही. आत्या आईला म्हणाली, “ही आल्यापासनं येलाला फळ धरंना. मी काय खोटं बोलती व्हय?” आई म्हणाली, “न्हाई, खोटं न्हाई.” आणि ते खोटं नव्हतंच. वहिनी आली त्याच पावसाळ्यापासून वेल बिघडला होता. हे कुणालाही दिसत होतं, मलाही दिसत होतं.

मग आत्याने वेलाखाली चुलीतली राख पसरली. फळाला कोण हात लावतं ते बघायचं होतं. सकाळी राखेत पाऊल उमटलेलं होतं, आणि ते वहिनीचं होतं हे ओळखायला अवघड नव्हतं, तिच्या डाव्या पायाची करंगळी आत वळलेली होती.

“मी फुलं तोडाया गेल्ते,” वहिनी म्हणाली.

“ते म्हाईत हाय,” आत्या म्हणाली, आणि राखेकडे बघत राहिली.

त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली, आणि संध्याकाळी त्या पावलाची चर्चा केली.

श्रावणात पंचमीसाठी वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला. सासुरवाशिणीने पंचमीला माहेरी जायचं, आठपंधरा दिवसांनी सासरचं कुणीतरी जाऊन तिला आणायचं, हा नेहमीचा परिपाठ. वहिनीने गाठोडं बांधलं, सगळ्यांच्या पाया पडली. आईच्या पाया पडून उठताना तिने विचारलं, “मला न्याया कवा येनार?”

आई चुलीत फुंकर घालत होती. “बघू,” म्हणाली.

वहिनीने गाठोडं काखेत मारलं. मग मागच्या दाराकडे बघितलं आणि गेली. तिला कळलं होतं असं मला वाटतं.

ती गेली आणि आत्याने पहिलं काम काय केलं, तर भजी बंद केली. “तिच्या हातचं वळन आता नगं,” म्हणाली. फुलांची परडी तिने माळ्यावर टाकली. आम्हालाही ती भजी खावीशी वाटली असती असं नाही. ज्या माणसाविषयी मनात काळंबेरं आलं त्याचा पदार्थ घशाखाली उतरत नाही, तो कितीही चांगला असो. परड्यात आत्याशिवाय कुणी फिरकेनासं झालं.

आणि वेलाला भोपळे धरले.

हे असं झालं हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. आठवडाभरात बारके भोपळे गळायचे थांबले. मग ते मुठीएवढे झाले, मग तांब्याएवढे. मांडवाच्या काठ्यांमधून ते खाली लोंबू लागले. आत्याने प्रत्येकाखाली चुंबळ करून आधार दिला. जिला ती कधी आत येऊ देत नव्हती त्या शेजारणीला तिने हाताला धरून मागे आणलं आणि बोट मुडपून एकेक भोपळा दाखवला. “बघ,” म्हणाली, “तीन वर्सं माझ्या येलाला फळ कशानं धरत न्हवतं त्ये बघ.” शेजारीण तोंडावर हात ठेवून बघत राहिली. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं.

दहा दिवस झाले, पंधरा दिवस झाले. वहिनीला आणायला कुणी गेलं नाही. गौरी-गणपती झाले, तेव्हाही नाही. दादा सकाळी शेतावर जायचा, संध्याकाळी यायचा, जेवून घोंगडीवर पडायचा. त्याला कुणी विचारलं नाही आणि तो कुणाला विचारत नव्हता. मला त्याचा फार राग यायचा. बायको माहेरी पडली आहे आणि हा ताकभात भुरकतो आहे. पण मी धाकटी, शाळेची चौथी उरकून घरी बसलेली, लग्नाला आलेली. माझ्या रागाला कोण विचारतंय.

एक दिवस आत्या काष्टीच्या बाजारातून आली ती नेहमीपेक्षा खुशीत. बाजारात तिचा दीर भेटला होता. त्याची मुलगी लग्नाची होती. आत्याने आबांपुढे विषय काढला. पितृपक्ष सरला, नवरात्र बसलं की बोलणी करू, म्हणाली. माणसाने दुसरं लग्न करू नये असा काही नियम तेव्हा आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हता. गावात एका माणसाच्या दोन बायका होत्याच. “पयलीला काय हाकलायची न्हाई,” आत्या म्हणाली. “ती ऱ्हाईल तिच्या आईबापाकडं. येलानं सांगितलंय ते आपुन ऐकायचं.”

आबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. दादा उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. भाकरी परातीत तशीच राहिली आणि तव्यावरची करपली.

आईला वहिनीची दया आली असं मी म्हणणार नाही. तिला आत्याचा संशय आला. वन्सं आपल्या दिराची पोर या घरात आणणार, म्हणजे उद्या परडं त्यांचं आणि चूलही त्यांचीच. एवढं कळल्यावर आईने मागचं सगळं उलटून बघायला घेतलं. तीन वर्षं फळ धरलं नाही, आणि सून गेल्या गेल्या धरलं? वन्संनीच काहीतरी केलं असेल. मिठाचं पाणी ओतत असतील वेलाच्या बुंध्याशी, आता बंद केलं असेल. आईने मला कानात सांगितलं, “तुझ्या आत्यावर नजर ठेव.”

मी ठेवली. आत्या सकाळी उठून वेलाला नमस्कार करायची, पाट मोकळा करायची, किडकी पानं खुडायची. मिठाला ती हात लावत नव्हती. आईचा माझ्यावर विश्वास बसला नाही. ती स्वतःच सकाळी धारेची चरवी घेऊन मागच्या दारात उभी राहू लागली.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी तिने मला हाक मारली. आत्या देवळात गेली होती. आई हद्द ओलांडून मांडवाखाली उभी होती, वर बघत.

“एवढी फुलं हुती व्हय ह्या येलाला?”

मांडव पिवळा झाला होता. सगळीकडे फुलं, तोंड उघडून बसलेली. मीही बघत राहिले. सकाळच्या वेळी एवढी फुलं मी त्या वेलावर तीन वर्षांत पाहिली नव्हती, कारण उमलल्या उमलल्या वहिनी ती खुडून आणायची आणि दुपारी आम्ही ती खायचो. भुंगे या फुलातून त्या फुलात शिरत होते. एक भुंगा रिकाम्या फुलातून बाहेर आला तो पिवळ्या पिठात लोळल्यासारखा, आणि तसाच भोपळा धरलेल्या फुलात घुसला. आई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“ह्यो काय करतोय?” ती म्हणाली.

“मध खातोय.”

“त्ये मला म्हाईत हाय. त्याच्या अंगाला काय लागलंय ते बघ.”

तिने एक रिकामं फूल तोडलं, आत बोट घातलं. बोट पिवळं झालं. मग भोपळा धरलेलं फूल वाकवून बघितलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तेल हुंगताना असायचा तसाच संशयी, पण या वेळी ती दुसऱ्या कुणाकडे बघत नव्हती. तिने पदराने बोट पुसलं आणि म्हणाली, “कुनाला बोलू नगं. माझं चुकतबी आसंल.”

पुढे पुन्हा शिकून मी मास्तरीण झाले, वनस्पतीशास्त्राचं पुस्तक माझ्या हातात आलं, आणि रिकाम्या फुलातला पराग दुसऱ्या फुलात गेल्याशिवाय फळ धरत नाही हे मी मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलं. पण आईला तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं. तिला फक्त एवढं दिसलं होतं की सून गेली त्याच दिवशी भजीही गेली होती.

पितृपक्षात आजोबांची तिथ आली. आत्याने त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा भोपळा काढला. अख्ख्या भोपळ्याला बाईने आधी विळी लावायची नाही, पहिला घाव पुरुषाचा, म्हणून दादाला बोलावलं. दादाने कोयता घेतला आणि भोपळ्याकडे बघत तसाच बसला. “हान की,” आत्या म्हणाली. त्याने एकदाचा घाव घातला. गर शेंदरी निघाला. छपरावर वाढलेलं पान कावळ्याने लगेच शिवलं. “पितरं तृप्त झाली,” आत्या म्हणाली. आई म्हणाली, “कावळा भुका आसंल.” आत्याने तिच्याकडे चमकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माळ्यावरून परडी काढली आणि मागच्या दारातून सरळ परड्यात गेली. आत्या म्हणाली, “ह्ये काय?” आई म्हणाली, “पोरांना भजी खाऊ वाटत्यात. लई दिस झाले.” आणि वहिनीसारखंच एकेक पान उचलून, मागे भोपळा नाही ना हे बघून, तिने झाडून सगळी रिकामी फुलं खुडली. फळाच्या फुलाला हात लावला नाही. आत्या दारात उभी राहून बघत होती. तिला खोट काढता आली नाही.

आईच्या हाताला वहिनीची चव नव्हती, पण भजी ती भजीच. सगळ्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेल संपत आलं, आई हात आखडत नव्हती, आणि आबांनाही संशय आला की हिचं काहीतरी चाललंय. मला तर सगळं ठाऊक होतं.  आईचं चुकलं असलं तर? फळं गळली नाहीत तर वहिनीविरुद्ध ही दुसरी साक्ष होणार होती, आणि ती आईच्याच हातची. नवरात्र तोंडावर आलं होतं.

आठवडा उलटला असेल. जेवायला सगळे बसले होते. आईने भजी वाढली. मग आत जाऊन सूप आणलं आणि आबांच्या आणि दादाच्या ताटांच्या मधोमध ठेवलं. सुपात बारके भोपळे होते. पिवळे पडलेले, देठाशी सुरकुतलेले, काही बोराएवढे, काही लिंबाएवढे. ती रोज पहाटे आत्याच्या आधी उठून ते वेचत होती आणि कणगीमागे साठवत होती.

“ह्ये आठ दिसांत गळलेलं,” आई म्हणाली. “सून तर तिकडं बसलीय पाथर्डीला. मंग आता कुनी बोट दावलं?”

आबांनी सूप स्वतःकडे ओढलं.

“ती न्हवती तवा तुमी भजी खाल्ली न्हाई, फळं धरली. आता भजी खाल्ली, फळं गळली. भोपळं तिनं न्हाई घालवलं. आपुन खाल्लं. मीबी खाल्लं.”

आत्या म्हणाली, “काय तरी बोलतीस. रिकामं फूल त्ये. त्याला फळ येतंय व्हय कवा?”

“मला न्हाई कळत त्ये. त्याच्याबिगर फळ न्हाई, एवढं कळतंय. भुंगा त्यातनंच कायतरी नेतोय. तुमीच तर सांगितलं तिला, फळाच्या फुलाला हात लावू नगं म्हनून. तिनं तुमचं ऐकलं वन्सं.”

आत्याने सुपातला एक बारका भोपळा उचलला. हातात फिरवून बघितला.  तिने हार मानली असं नाही, तिने पुढेही कधी मानली नाही, पण तिने आपल्या ताटातली भजी बाजूला काढून ठेवली. आबांनी हात धुतला आणि दादाकडे न बघता म्हणाले, “उद्याच्या गाडीनं जा. पोरीला सोबत ने, सुनंला बाईमानूस बरं.”

आम्ही काष्टीहून रेल्वेने नगरला गेलो आणि तिथून कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने पाथर्डीच्या वाटेला लागलो. पेट्रोल लढाईवर गेलं होतं. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. दादा खिडकीशी बसला होता. मी त्याला विचारलं, “आधी का न्हाई आलास?” तो म्हणाला, “समदे म्हनत हुते.” मी म्हटलं, “तुला काय वाटत हुतं?” त्यावर तो खिडकीतून बघायला लागला.

वहिनीच्या माहेरी आम्हाला बघून कुणी हसलं नाही. तिच्या आईने गूळपाणी दिलं पण बसा म्हणाली नाही. दुसऱ्या लग्नाचं तोंडावर सांगायला आलोत असंच त्यांना वाटत होतं, त्यांच्या कानावर गेलं असणार. वहिनी ओसरीला हुलगे निवडत होती. ती वाळली होती. तिने माझ्याकडे बघून ओळख दाखवली आणि पुन्हा सुपात मान घातली.

दादाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फुलं, भुंगे, आईने तळलेली भजी, सुपातले पिवळे भोपळे. तो इतकं सलग बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. वहिनीचा बाप चिलीम हातात धरून ऐकत होता. दादाचं बोलून झाल्यावर वहिनीने सूप खाली ठेवलं.

“म्हंजी येलानं मला घालवलं आन् येलानंच बोलावलं,” ती म्हणाली.

“तसं न्हाई. मी न्याया आलोय की.”

“त्ये दिसतंय मला. सासूबाईंच्या ध्यानात ह्ये आलं नसतं, तर तुमी आला असता का?”

दादा खाली बघत राहिला. त्या क्षणी त्याने खोटं बोलावं असं मला फार वाटलं. हो म्हण, नुसतं हो म्हण, असं मी मनात म्हणत होते. त्याने तेही म्हटलं नाही. वहिनीने त्याच्याकडे बघितलं, मग बापाच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे, कोपऱ्यातल्या रिकाम्या कणगीकडे बघितलं. मग उठली आणि गाठोडं बांधायला लागली. यायला नको म्हणायची तिची ऐपत नव्हती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मागचं दार स्वतः उघडलं. “जा,” म्हणाली, “आता परडं तू बघायचं.” आत्या जात्यापाशी बसून दळत राहिली. घरात तो मोठा मान होता, आईलाही तो कधी मिळाला नव्हता. वहिनी दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली.

“ताई,” तिने मला हाक मारली, “माझ्यासंगं चला.”

“कशाला?”

“बघाया. मी काय तोडती, काय न्हाई, कुनीतरी बघितलेलं बरं.”

दादाने दुसरं लग्न केलं नाही. वहिनीला मूल झालं नाही ते नाहीच. वेल मात्र दर वर्षी मांडव वाकेपर्यंत धरायचा, आणि फुलांची भजी आमच्या घरात पुन्हा झाली नाहीत. वहिनीने सगळं परडं सांभाळलं, पण एकटी ती कधी मागे गेली नाही. मी असले तर मी, मी सासरी गेल्यावर आई, आई नसली तर शेजारची एखादी पोर. कुणीच नसलं तर दुपारपर्यंत भाजी चढायची नाही.

आत्या गेली, आई गेली, दादाही गेला. त्यानंतर मी एकदा तिला भेटायला गेले. घरात आम्ही दोघीच, दोघींचेही केस पांढरे. तिने आमटीला फोडणी देण्याआधी हात पुसले, कढीपत्ता आणायला मागच्या दाराशी गेली आणि थांबली.

“ताई, जरा हिकडं येऊन उभ्या ऱ्हावा,” म्हणाली.

मी जाऊन उभी राहिले.